बाफल्यांना नावं ठेवायची नाहीत

“दीदी, माधवनगरला जानेवाला ऑटो किधर मिलेगा?”

राम घाटावरच्या गर्दीत मागून हा प्रश्न आला आणि मृण्मयीला हसू आवरेना. असं हिंदी मराठी माणूसच बोलू जाणे! तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, हातात ओल्या चपला... आणि डोळे असे, की उत्तर द्यायला जरा उशीरच व्हावा.

“मिळेल. पण आधी ते दीदी मागे घ्या.”

“घेतलं!” तो इतक्या चटकन म्हणाला, की तिचीच नजर खाली गेली.

हर्षल साताऱ्याचा, बँकेतल्या बदलीनं उज्जैनला आलेला. त्या दिवशी ऑटो एकच मिळाला. मग होळीपासून वैशाखापर्यंत दोघांनी एकमेकांना इतक्यांदा घरी सोडलं, की कोण कुणाला सोडायला आलंय हेच कळेनासं झालं. लपूनछपून भेटणं मृण्मयीच्या स्वभावात नव्हतं. तिनंच ठरवलं, रविवारी ह्याला जेवायला बोलवायचं आणि बाबांना सरळ सांगून टाकायचं.

“आणि ते नाही म्हणाले तर?” हर्षलनं विचारलं.

“नाही म्हणायचे नाहीत ते. फक्त एक कर— बाफल्यांना नावं ठेवू नकोस. मागच्या वर्षी मला बघायला आलेल्या एकानं मीठ कमी आहे म्हटलं होतं. त्याला लाडू मिळाला नाही... आणि मीही!”

तिचे बाबा म्हणजे भय्यासाहेब. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या दरबारी मुदपाकखान्यावर देखरेख करायचे, त्यामुळे स्वयंपाकातलं आपल्याला कळतं असा त्यांचा पिढीजात समज. एरवी चहासुद्धा बायकोच्या, नंदाताईंच्या हातचा लागायचा, पण रविवारचे बाफले मात्र ते स्वतः करत. कणकेचे गोळे उकळायचे, अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजायचे आणि तुपात बुडवायचे. त्यात दुसऱ्या कुणाची लुडबूड त्यांना खपत नसे.

त्या रविवारी दुपारीच आभाळ पिवळंजर्द झालं. धूळ भिरभिरू लागली, निखाऱ्यांच्या ठिणग्या उडू लागल्या.

“अहो, आंधी येतेय! आवरा आता,” नंदाताई दारातून ओरडल्या.

भय्यासाहेबांनी जल्दी-जल्दी बाफले उपसले. पानं मांडली गेली. पाहुण्याला आग्रह करून मगच आपण बसायचं ही त्यांची रीत, म्हणून तुपाची वाटी घेऊन ते उभेच राहिले.

“संकोच नको हं, हर्षल! आरामसे खा. असे बाफले साताऱ्यात मिळायचे नाहीत.”

हर्षलनं बाफला फोडला. वरून सोनेरी, आत पांढरीफटक कणीक. मृण्मयीच्याही पानात तीच गत होती आणि आई मुकाट्यानं नुसत्या कडा खात होती. मृण्मयीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं— गिळ! त्यानं गिळला. लगेच दुसरा पडला.

“काय मग? खरं सांगा हं!”

ह्या प्रश्नाला त्या घरात पाहुण्यानं द्यायचं एकच उत्तर होतं, ‘एक नंबर!’ मृण्मयीनं डोळ्यांनीच विनवलं. हर्षलनं तिच्याकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, “काका... आतून कच्चे राहिलेत.”

बाहेर वीज कडाडली. नंदाताईंची वरणाची पळी हवेतच थांबली.

“माझ्या घरात, माझ्या पानावर बसून हे सांगता?” भय्यासाहेबांचा आवाज चढला.

“हो काका. मी मृण्मयीचा हात मागायला आलोय. सुरुवातच खोटं बोलून कशी करू?”

मृण्मयीला त्याला फटका मारावासा वाटला, आणि त्याच क्षणी त्याच्या गळ्यात पडावंसंही. असा माणूस आपल्यावर प्रेम करतो, ह्याचा तिला केवढा अभिमान वाटला! तिनं मान वर केली.

“बाबा, माझं प्रेम आहे ह्याच्यावर. लग्न करीन तर ह्याच्याशीच. आणि... बाफले कच्चेच आहेत.”

भय्यासाहेब खाली बसले. एक बाफला फोडून त्यांनी तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

“नंदा, तू कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? ‘बढिया झालेत ना,’ म्हणून सांगतच तर होता.”

दार धाडकन आपटलं, टपोरे थेंब आत आले. भय्यासाहेब एकेकाच्या पानातले बाफले उचलून परातीत टाकू लागले. हर्षलचं पान रिकामं झालं, तसा त्याचा चेहरा उतरला.

“काका... मी निघू का?”

“कुठे? चुपचाप बसा! आंधी उतरली की परत भाजतो. जावयाला कच्चं वाढून पाठवलं, तर उज्जैनात तोंड दाखवायला जागा राहील का मला?”