लडकूकाकांचा वस्तरा

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत धसईचे लडकूकाका न्हावी गेले, आणि पंधरा दिवसांत अनंताच्या घरात दाढीचा प्रश्न उभा राहिला. दाढी अनंताची नव्हे, त्याच्या बापाची. बाबांना लकवा मारून दोन वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डोळे तेवढे जागे होते.

दर रविवारी लडकूकाका धोकटी काखेला मारून दीड मैल चालत वाडीवर येत आणि बाबांची दाढी करून जात. दुकानात त्यांनी केव्हाच अर्ध्या ब्लेडचा वस्तरा धरला होता, एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड. पण बाबांसाठी मात्र तो जुना, दगडावर धार लावायचा वस्तराच निघायचा. बाबांचे गाल खोल गेलेले, खुंट राठ. साध्या ब्लेडनं केस कापले जाण्याऐवजी ओढले जात. अनंतानं एकदा आपल्या मशीननं करून पाहिली. दुसऱ्याच ओढीला बाबांनी जबडा आवळला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

महिन्याभरात दाढी वाढली. पेज तिच्यात अडकून वाळायची, माश्या बसायच्या, हनुवटीखाली पुरळ आलं. शेवटी अनंता वत्सलाकाकींकडे, लडकूकाकांच्या बायकोकडे गेला.

काकींनी धोकटीतून वस्तरा काढून त्याच्या हातावर ठेवला. काळी मूठ, निळसर पातं.

"चाळीस वर्षं त्यांच्या हातात व्हता. तुज्या हाताला लागायला टाइम जाईल."

"शिकवाल ना, काकी?"

"मी काय शिकवनार? बगत आले, तेवडं सांगते."

भरघोस मिशीचा अनंता वीज मंडळात लाइनमन होता. टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही आणि पाहिल्याशिवाय मानायचं नाही, हा त्याचा स्वभाव. तो मन लावून शिकला. पातं गालावर उभं धरायचं नाही, जवळजवळ झोपवायचं. डाव्या हातानं कातडी ताणायची. आधी ऊन पाण्याचा फडका गालावर ठेवायचा, केस मऊ होऊ द्यायचे. दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, तोही पाठ पुढे आणि धार मागे, आणि वळवताना पाठीवरून वळवायचा. काम झालं की कोरडा पुसून खोबरेल तेलाचं बोट लावायचं. आठ दिवस तो फुग्यावर साबणाचा फेस लावून सराव करत होता. सहा फुगे फुटले, सातवा राहिला.

पहिल्या रविवारी तीन ठिकाणी कापलं. दुसऱ्या रविवारी कापलं नाही, पण वस्तरा ओढत होता, आणि बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. अनंता वस्तरा घेऊन काकींकडे गेला. त्यांनी पातं नखावर टेकवून पाहिलं.

"धार मारलीस रे. पट्ट्यावर वळवताना गोल केलीस. आता दगडाला लावाय लागंल."

"कोण लावून देईल?"

"हितं आता कोन नाय. कल्यानला बग."

पुढल्या आठवड्यात कल्याणला जायचं ठरवून अनंतानं वस्तरा लोखंडी पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. घरात चार वर्षांची लेक चिमी होती, म्हणून किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला असायची.

रविवारी त्यानं पेटी उघडली. कामावरून सुटी मिळाली नव्हती, कल्याण राहूनच गेलं होतं. बघावं म्हणून त्यानं पातं मनगटाजवळ नेलं. पातं कातडीला टेकलंही नव्हतं, तोच केस गळून पडले.

पात्यावर तेलाचं बोट नव्हतं. दगडाचं करडं पाणी वाळल्यासारखा एक पट्टा होता.

त्यानं बायकोला, रंजिताला विचारलं. तिनं पेटीला हात लावला नव्हता. काकींना विचारलं. त्या लडकूकाकांचा दगड ठेवलेल्या कोनाड्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी दाढी लोण्यासारखी झाली. बाबांनी डोळे मिटून घेतले. अनंतानं सांगायच्या आत ते मान वळवत होते, हनुवटी वर करत होते. दोन वर्षांत त्यांच्या तोंडावर असं सुख दिसलं नव्हतं. अनंतानं विचार करणं सोडून दिलं. असेल पट्ट्याचाच गुण, म्हणाला.

पौष लागला. झोडणी संपून अंगणात पेंढ्याची उडवी उभी राहिली. रविवारची दाढी सकाळी नऊच्या उन्हात, ओटीवर व्हायची. त्या दिवशी रंजिता उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता ती थांबली.

"अवो."

"काय गो?"

"तुमी डाव्या हातानं कदी शिकलात?"

अनंतानं खाली पाहिलं. वस्तरा त्याच्या डाव्या हातात होता. उजव्या हाताच्या दोन बोटांनी तो बाबांचा गाल ताणत होता. अर्धी दाढी झाली होती, एक ओरखडा नव्हता.

लडकूकाका डावखुरे होते. अख्ख्या धसईला ठाऊक होतं.

अनंतानं वस्तरा उजव्या हातात घेतला, उरलेली दाढी कशीबशी उरकली आणि दोनदा कापलं. दुपारी त्यानं डाव्या हातात पेन्सिल धरून चिमीच्या पाटीवर आपलं नाव काढून पाहिलं. पहिलं अक्षरही धड आलं नाही. पान्यानं नट फिरवून पाहिला, पाना निसटला. डावा हात त्याचा नेहमीचाच होता, बेंगरूळ. ते कळल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट रात्री जेवताना घास तोंडात फिरत राहिला.

पुढच्या रविवारी तो दाढी करणारच नव्हता. पण सकाळी बाबांनी चांगला हात उचलून गाल खाजवला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अनंतानं रंजिताला समोर बसवलं.

"माज्या हाताकडं बगत रहा. हात बदलला की वरड."

"वरडू?"

"जोरात."

त्यानं वस्तरा उजव्या हातात घट्ट धरला. उजवा गाल झाला. डावा झाला. रंजिता पापणी न लववता बघत होती. चिमी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. फेसाला तुरटीचा वास येत होता. तुरटी त्यानं अजून काढलीच नव्हती.

मग बाबांनी मान मागे टाकली. गळ्याची घाटी वर आली.

"अवो! हात!"

त्याला ऐकू आलं. तो थांबला. पण हात थांबला नाही. डाव्या हातातला वस्तरा हलकेच खाली उतरला आणि बाबांच्या गळ्यावर, जिथं शीर उडत होती तिथं, जाऊन टेकला.

तिथं मात्र थांबला.

अनंतानं हात मागे ओढला. हात आला नाही.

त्यानं उजव्या हातानं डावं मनगट धरलं. मनगट थंड होतं आणि म्हाताऱ्याचं असावं तसं बारीक लागत होतं.

"रंजिता."

ती उठली, पण जवळ यायला धजेना. पात्याखाली शीर उडत होती. फेसाचे बुडबुडे एकेक करून फुटत होते.

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी अनंताकडे पाहिलं नाही. त्याच्या हाताकडे पाहिलं. दोन वर्षांत बोलायला हललं नव्हतं ते तोंड हललं.

"आज नको, लडकू," बाबा म्हणाले. स्वच्छ, ओळखीच्या माणसाला सांगावं तसं.

हात सुटला. वस्तरा शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला. बाबांनी पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत, विचारलं तरी नाही.

अनंता वस्तरा आणि पट्टा उचलून तसाच, पंजावर वाळलेला फेस घेऊन, धसईला गेला. वत्सलाकाकींनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं,

"आज नको, असंच म्हनाले?"

"हो."

"कदी ये, ते नाय सांगितलं?"

काकींनी वस्तरा, पट्टा आणि दगड एका फडक्यात बांधले. दोघं नदीवर गेले. पुलाखालच्या डोहात अनंतानं स्वतः ते बोचकं टाकलं. पाणी नितळ होतं. बोचकं तळाला जाऊन बसलेलं दिसलं. काकींनी हात जोडले. अनंतानंही जोडले.

मग बरे दिवस आले. बाबांची दाढी रंजिता कातरीनं बारीक करायची, ते मुकाट करू द्यायचे. पेज नीट जायची. चिमीला खाटेवर घेऊन ते तिचे केस चिवडत बसायचे. अनंता दर रविवारी आधी स्वतःच्या हाताकडे बघायचा, मग तेही विसरला. तीन आठवडे गेले.

माघातल्या एका सोमवारी कडाक्याची थंडी होती. पहाटे अंधारातच मागच्या दारी त्यानं तोंड धुतलं, नेहमीसारखी मशीननं दाढी केली, नाकापर्यंत मफलर गुंडाळला आणि साडेसहाची एसटी धरली. रंजिता तेव्हा गोठ्यात होती. मुरबाडला उतरेपर्यंत ऊन आलं. ऑफिसच्या दारात त्यानं मफलर सोडला.

जोडीदार नवसू शिडी खांद्यावर घेऊन निघाला होता. अनंताला बघून त्यानं शिडी खाली ठेवली. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला.

"कधी गेले रे बाबा?"

"कोण?"

"अरे... मिशी काढलीस ना." नवसू चाचरला. "मला वाटलं, बाबा..."

अनंतानं वरच्या ओठाला बोट लावलं. गुळगुळीत होतं. खुंट नाही, कापल्याची आग नाही.

तो धावत समोरच्या पीसीओत शिरला. वाडीत फोन एकाच घरी होता. त्या घरच्या सकुबाईंनी रंजिताला हाक मारायला पाच मिनिटं घेतली.

"हॅलो? काय झालं वो?"

"बाबा?"

"बाबांना काय झालंय? बरे हायत की. आत्ता पेज प्याले. चिमीसंगं बसलेत."

"नीट बघितलंस?"

"मग? हसत हायत." ती थांबली. "तुमी असं का विचारता?"

पीसीओतला छोटा पंखा थंडीतही चालूच होता. त्याचा वारा वरच्या ओठाला लागत होता. पंधरा वर्षांत त्या जागेला वारा लागला नव्हता.