मंगळासाठी दगडफूल

कोहमाऱ्याच्या अलीकडे, सडकेला लागून असलेल्या जंगलात दुर्गेश्वरी मोहाच्या खोडावरचं दगडफूल खरवडत होती, तेव्हा मागून आवाज आला.

"मॅडम, हे कायले काढून राहिल्या?"

ती इतकी दचकली की हातातला चाकूच निसटला. खाकी गणवेशातला तरुण वनरक्षक उभा होता. छातीवर नाव — ओमेश उइके. आवाज कडक होता, डोळे मात्र तसे नव्हते...

"सेमिनारसाठी," ती म्हणाली.

"मले वाटलं मसाल्यासाठी."

"नाही — मंगळासाठी."

तो हसला नाही, हेच तिला आधी आवडलं. गोरीमोरी होत तिने सगळं सांगितलं. ती गोंदियाला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि पृथ्वीबाहेरचे जीव शोधण्याचं विज्ञान सुरू कसं झालं, यावर तिला बोलायचं होतं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी काही शास्त्रज्ञांना वाटायचं, मंगळावरच्या काळपट डागांत दगडफुलासारखंच काही उगवत असेल. कुणी तो रंग थंड डोंगरांतल्या झाडांशी ताडून पाहिला, कुणी बरणीत मंगळासारखी हवा भरून जंतू जगतात का ते पाहिलं. ओमेशने शांतपणे ऐकलं, परवानगीशिवाय झाडाला हात लावायचा नसतो हे समजावलं, आणि साहेबांना विचारून कळवतो म्हणून तिचा नंबर घेतला.

परवानगी दोन दिवसांत मिळाली. फोन मात्र थांबले नाहीत. गोंदियाजवळच्या गोरेगावला बाजाराच्या दिवशी तो चहाला भेटू लागला. ती त्याच्यासमोर भाषणाचा सराव करायची आणि भजी थंड व्हायची. अंतराळयानं मंगळावर उतरली तेव्हा काही सापडलं का, असं त्याने एकदा विचारलं. पक्कं काहीच नाही, ती म्हणाली.

"तरी शोधून राहिले?"

"अजूनही."

"मंग मीबी दम धरतो," तो कपाकडे बघत म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दम कशासाठी, हे तिने विचारलंच नाही.

एप्रिलमध्ये तिच्या वडिलांनी, बाबूजींनी, आमगावचं स्थळ आणलं. पाहुणे रविवारी येणार होते. तिने ओमेशला सांगितलं, तेव्हा तो "चांगलं आहे" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी कळलं, जंगलात वणवा लागलाय, एक वनरक्षक भाजलाय. कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. ओमेशचा फोन बंद होता. दोन दिवस ती तोच नंबर लावत राहिली.

शुक्रवारी सेमिनारला उभी राहिली, तेव्हाही तिची नजर सारखी टेबलावरच्या मोबाइलकडे जात होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ज्या विज्ञानाला त्याचा विषयच अजून सापडला नाही, त्यासाठी लोकांनी आयुष्य का घालवलं? पाठ केलेलं उत्तर तिने बाजूला ठेवलं.

"शोधल्याशिवाय नाही म्हणणं त्यांना जमलं नसेल, सर," ती म्हणाली.

गुण कळायला ती थांबली नाही. तडक एसटी धरून कोहमाऱ्याला उतरली.

वनखात्याच्या तपासणी नाक्यावरच्या खाटेवर ओमेश बसला होता. डावा हात कोपरापर्यंत पट्टीत. भाजलेला तोच होता. फोन आगीतच गेला होता.

"दुसऱ्याच्या फोनवरून सांगता येत नव्हतं?" तिचे डोळे भरून आले.

"सांगून काय करू? रविवारी तुझं..."

"तू एकदा विचारलं असतं, तर मी तेव्हाच नाही म्हटलं असतं." त्याला 'तू' म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तो पट्टीकडे बघत राहिला. "आमची जात वेगळी. तुझे बाबूजी—"

"बाबूजींचं मी बघते. तुझं सांग."

"मले तू पाहिजे," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

धीर सुटायच्या आत तिने तिथूनच घरी फोन लावला. रविवारच्या पाहुण्यांना येऊ देऊ नका, माझं मन एका ठिकाणी आहे, असं सांगितलं. नाव सांगितलं, गाव, नोकरी, जातसुद्धा. वणव्यात भाजलेला तोच, हेही सांगितलं. पलीकडे चालू असलेला ट्रॅक्टर बंद झाला.

मग बाबूजी खाकरले.

"हात बहुत जळला का त्याचा?"

तिने फोन ओमेशच्या कानाला लावला.