सतरा नंबरचा बिल्ला

उद्या सकाळी भुयारात काँक्रीट ओतणार होते, आणि त्याआधी एका कागदावर मुकादमाची सही हवी होती. आत कोणी नाही, काही नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं होतं. कापड रंगवायच्या त्या बंद कारखान्यात भुयार माहीत असलेला माणूस म्हणून तोच एक उरला होता. बाकीचे वर तरी गेले होते, नाहीतर लेकांकडे. इंजिनीअर बाई फोनवर म्हणाल्या, काका, अर्ध्या तासाचं काम आहे. तो भर दुपारी निघाला. गुडघे कुरकुरत होते. अर्ध्या तासाची कामंच माणसाला म्हातारं करतात, असं पुटपुटत तो बॉयलरखान्यात शिरला.

भुयार म्हणजे बॉयलरची वाफ रस्त्याखालून पलीकडच्या रंगखात्यात नेणाऱ्या नळांची वाट. जेमतेम वाकून जाता येईल एवढी. तिच्या लोखंडी दाराशेजारी अजून ती लाकडी फळी होती, आणि फळीवर नंबर घातलेले खिळे. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खिळ्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढून घ्यायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय मुकादमाने दाराला कुलूप घालायचं नाही. आणि कोणी आत राहिलंच, तर त्याने पान्याने नळावर तीन ठोके द्यायचे. म्हणजे, थांबा, आत माणूस आहे.

एवढं त्याने तिथे वाट बघत असलेल्या बाईंना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

कारखान्याच्या शेवटच्या संध्याकाळी फळीवर एकच बिल्ला उरला होता, सतरा नंबरचा. सतरा नंबर म्हणजे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी विसरभोळा, बिल्ला फळीवर टाकून घरी जायची त्याला खोडच होती. सलग दोन पाळ्या करून मुकादमाच्या डोळ्यांवर झापड आली होती. त्याने बिल्ला काढून खिशात टाकला, कुलूप घातलं. वळताना ठोके ऐकू आले. नळ थंड होताना वाजतात, असं त्याने स्वतःला समजावलं आणि घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी मालकांनी फाटकाला सील ठोकलं. दाजी घरी आलाच नाही. कंटाळून निघून गेला असेल, हे ताईला पहिल्यांदा सांगणारा मुकादमच. तेव्हापासून तीस वर्षं ताईने दाराला आतून कडी लावलेली नव्हती.

आज आत हाडं सापडली तर सही करायची नाही, सरळ ताईचे पाय धरायचे, असं तो ठरवून आला होता. लपवून लपवून जीव मेटाकुटीला आला होता त्याचा. त्याने आपला चार नंबरचा बिल्ला अडकवला. मग खिशातून दुसरा काढून सतराच्या खिळ्यावर लावला.

"हा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"एकाचा राहिला होता."

आत ओल्या काजळीचा वास होता. टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंचे गंजके नळ तेवढे दिसत. दोघं वाकून चालत राहिली. पाठ दुखायला लागली तशी मुकादमाची भीतीही थकली. जे असेल ते एकदा दिसू दे, असं त्याला झालं. निम्म्या वाटेवर पुढच्या अंधारातून आवाज आला. ठक... ठक... ठक...

बाई थबकल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "नळ वाजतात हो, काका. थंड होताना..."

"तीस वर्षं यात वाफ नाही, बाई."

दोघं पुढे सरकली. वाट संपली तिथे भिंत होती, तिच्यातून फक्त नळ तेवढे पलीकडे रंगखात्यात जात होते. हाड नाही, चिंधी नाही, काही नाही. फक्त भिंतीजवळच्या नळावर हातभर जागा गंजलेली नव्हती. तिथे पोचेच पोचे होते, तीन-तीनचे, आणि त्यातले शेवटचे तीन नव्या भांड्यासारखे चकचकीत होते. बाईंनी फोटो काढला.

बाहेर आल्यावर मुकादमाने आधी फळी बघितली. चार नंबर जागेवर होता. सतराचा खिळा रिकामा होता. बाई म्हणाल्या, पडला असेल. दोघांनी खाली शोधलं, विटा उचलून बघितल्या, मिळाला नाही. मुकादमाने आपला बिल्ला काढून घेतला, दाराला कुलूप घातलं आणि कागदावर सही केली. आत कोणी नाही, हे खोटं नव्हतं.

तिथून तो थेट ताईकडे गेला. सांगून टाकायचं, मग ती मारो की तारो. त्याने नेहमीसारखं दार ढकललं. ते उघडलं नाही. आतून कडी होती.

त्याने हाक मारली, "ताई..."

आत ताई कोणाशी तरी बोलत होती. तिचा असा मऊ आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. सावकाश जेवा, म्हणत होती, आता घाई कसली. दाराच्या फटीतून ओल्या काजळीचा वास आला. मग ती गप्प झाली. बराच वेळ गप्प, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यावं तशी.

"मला तर तो म्हणाला होता, कंटाळून गेलात..." एवढंच ती म्हणाली.

मुकादमाने दारावर हात ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळावर ठोके पडले. एक... दोन... तीन.

मुकादम पायरीवर बसला. या वेळी तो थांबला.