दोन वाजून बारा मिनिटांचा फोन

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट खरं सांगितलं तर माझीच बदनामी आहे. तीन वर्षांपूर्वीची, वैशाखातली भर दुपार. भुजहून खावड्याला जाणारा रस्ता.

गाडी माझे दाजी, रणमलभाई, चालवत होते. ओव्हरटेक करताना समोरच्या छोट्या गाडीला आमची धडक बसली. ती उलटून बाभळीत गेली.

आम्ही धावलो. आत एकटी बाई.

जिवंत.

"भाई... फोन करा."

मी मोबाईल काढला. दाजींनी तो हिसकावला आणि बंद करून स्वतःच्या खिशात टाकला.

"डोकं फिरलंय का? तुझ्या नंबरवरून फोन गेला की अडकलो आपण!"

"दाजी, मरेल हो ती."

"मग तुझ्या बहिणीला तूच सांग, नवरा जेलात गेला म्हणून. मागून कुणीतरी येईल, तो करेल. बस गाडीत!"

मी बसलो.

संध्याकाळपर्यंत फोन दाजींच्याच खिशात होता. बंद.

चौथ्या दिवशी पोलीस चौकीतून बोलावणं आलं. अटक होणार असं धरूनच गेलो. पण साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"करसनभाई, धडक देणारा हरामखोर पळाला. तुम्ही मात्र थांबलात. अशी माणसं राहिली नाहीत."

मला काही कळेना...

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. रुग्णवाहिकेला फोन गेला होता. माझ्याच नंबरवरून. दोन वाजून बारा मिनिटांनी.

आधी नुसता वारा...

मग तिचं कण्हणं...

मग एक पुरुष. तो जागा नीट समजावून सांगत होता. मधेच तिच्याशी बोलत होता. "मान हलवू नका, बेन. डोळे मिटू नका. नाव काय तुमचं?"

"हंसा..."

"मुलं किती, हंसाबेन?"

"दोन मुली..."

मग फक्त श्वास. मग तोही नाही.

त्या पुरुषाचा आवाज... माझा होता.

रुग्णवाहिका पोचली तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

चौकीबाहेर तिचा नवरा उभा होता. त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"शेवटी तिच्याजवळ कुणीतरी होतं, भाई. मला एवढं पुरे."

मी मान डोलावली. तेवढंच जमलं मला.

दाजी म्हणतात, "सुटलास ना? मग गप्प बस."

गप्पच बसलोय. तिच्याजवळ कोण थांबलं होतं, मला आजही ठाऊक नाही.

त्याने तिला नाव तरी विचारलं.

मी तेही विचारलं नव्हतं.