पंचोबाला न कळलेला ‘खो’

खो-खोच्या सरावात नयनाने ‘खो’ दिला की पंचोबाचा लाल दिवा लागायचा. खो बरोबर असला तर हिरवा, चुकला तर लाल. तिचा हात इलाच्या पाठीला नीट लागत होता, तोंडाने ती ‘खो’ म्हणत होती, इला उठून पळतही होती. मग फाऊल कसला?

पंचोबा म्हणजे शाळेचा यंत्रपंच. स्वारी नवी होती, पण रुबाब एखाद्या मुरलेल्या पंचाला लाजवेल असा. त्याचा निर्णय सरांनाही बदलता येत नसे.

नयनाला जन्मापासून फार कमी ऐकू येई. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं समजून घेई. तिचा स्वतःचा आवाज जाडसर, घशातून यायचा. सामना दुसऱ्याच दिवशी होता.

भोईर सर म्हणाले, “नयना, उद्या तू बाहेर बस, बाळा. उगाच फाऊल नकोत.”

“सर, पण मी...”

“कळतंय गं मला,” म्हणत सर वळले. पाठ फिरवली की ओठ दिसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

वर्षभर नयना धावली, ती काय बाहेर बसायला? ती अगदी रडकुंडीला आली. ते पाहून इला तरातरा पंचोबासमोर गेली.

“मला तिचा खो कळतो. तुला का नाही कळत?”

पंचोबाच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. ती नयनालाही वाचता आली.

“तू हा आवाज पहिलीपासून ऐकतेस. मी आवाज ओळखतो ते नमुन्यांवरून (शिकवताना दिलेल्या उदाहरणांवरून). मला हजारो मुलांचे ‘खो’ ऐकवले गेले, पण त्यांत कमी ऐकू येणारं एकही मूल नव्हतं. म्हणून नयनाचा ‘खो’ मला ‘खो’ वाटत नाही. चूक तिच्या आवाजात नाही, माझ्या शिकण्यात आहे.”

“मग आता शीक की.”

“नयनाने नमुने दिले तर शिकेन.”

सगळा संघ बघत होता. कोणी हसलं तर? तरी नयना ‘खो’ म्हणाली. उभ्याने, पळताना, दमल्यावरसुद्धा. पंचोबाने तिचं खोकणं आणि हसणंही मागून घेतलं. कारण ‘खो’ काय नाही, हेही शिकावं लागतं. नाहीतर कुठल्याही आवाजाला हिरवा दिवा लागेल. संध्याकाळपर्यंत दिवा कधी हिरवा, तर कधी लाल. सर एवढंच म्हणाले, “बघू.” त्या ‘बघू’मुळे नयनाला रात्री जेवण गेलं नाही.

सामन्यात सरांनी तिला उतरवलं खरं, पण त्यांची नजर पंचोबाच्या दिव्यावरून हलत नव्हती. नयनाच्या पुढची धावपटू हुलकावणी देऊन रांगेच्या पलीकडे गेली. नियमाप्रमाणे नयनाला तिकडे जाता येत नव्हतं. खो देणंच भाग होतं. फाऊल झाला असता तर धावपटू निसटली असती. नयनाने इलाच्या पाठीला हात लावला.

“खो.”

हिरवा दिवा लागला. इला सुटली, नयना तिच्या जागी बसली आणि तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

पंचोबा नयनाचा ‘खो’ शिकल्याचं कानावर आलं, तशी मध्यंतरात पलीकडच्या संघाची एक राखीव खेळाडू त्याच्यापाशी आली. बोलताना ती अडखळत होती.

“मा... माझा प... पण...”

पंचोबा थांबला. तिचं वाक्य पुरं करायला भोईर सरांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि तेही थांबले.

“...आवाज घे,” ती म्हणाली.