एकेचाळिसावं नाव

लातुरात ताहेरला सगळे 'कॉम्प्युटरवाले ताहेरभाई' म्हणायचे आणि त्याला त्याचा बारीकसा माज होता. का नसावा? शहरात क्लास उगवत होते नुसते भुईछत्र्यांसारखे, आणि प्रत्येक क्लासच्या मागच्या खोलीत एखादं यंत्र रुसून बसलेलं असायचं. त्याची समजूत काढायला बोलावणं ताहेरलाच यायचं.

दोन हजार चार सालच्या जूनमधल्या एका रविवारी त्याला हणमंतराव सरांनी बोलावलं. सरांच्या क्लासात समोरच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर, सगळे विंडोजवर. मागच्या खोलीत सर्व्हर, तो लिनक्सवर. मुलांचे निकाल असायचे सर्व्हरवर आणि बघायचे असायचे समोर. ही दोन बेणी एकमेकांची भाषा बोलत नाहीत. मध्ये दुभाष्या बसवावा लागतो, साम्बा नावाचा प्रोग्राम. तो दुभाष्या सकाळपासून मुका झाला होता.

"ताहेरभाई, चारला यादी लागली पाहिजे बघा," सर म्हणाले. "पोरं दारात उभारलेत."

दारात खरंच दीडशे पोरं उन्हात उभी होती. सरांचा नियम साऱ्या मराठवाड्याला ठाऊक. अकरावी संपली की एक परीक्षा. पहिले चाळीस 'डॉक्टर बॅच'मध्ये. एकेचाळिसाव्यानं होस्टेलातली ट्रंक उचलायची आणि गाव गाठायचं. त्याला क्लासची दारं बंद. त्या दीडशेत ताहेरची लेक मनतशाही होती. पोरगी घाबरली की पत्र्याची कंपासपेटी कशावर तरी आपटत बसायची, टक टक टक. त्याची बायको वहिदा घरी त्यावरून रोज ओरडायची. मनतशानं डॉक्टर व्हावं, याखेरीज त्या नवरा-बायकोनं देवाकडं दुसरं काही मागितलेलं नव्हतं.

दोष साधाच निघाला. समोरची यंत्रं पासवर्ड गुपित करून पाठवत होती, सर्व्हर तो उघडा मागत होता. ताहेरनं सेटिंगची एक ओळ बदलली, साम्बा बंद करून चालू केला. समोरच्या आठही पडद्यांवर 'निकाल' नावाचं फोल्डर उमटलं. "झालं की!" असं तो स्वतःशीच म्हणाला आणि सवयीप्रमाणे दोन्हीकडची यादी ताडून बघायला बसला.

सर्व्हरवर चाळीस नावं होती. मनतशा त्यांत नव्हती. गुणांची मोठी फाईल उघडून बघितली. एका गुणानं मागं. एकेचाळिसावी. ताहेरनं तिचे गुण पुन्हा एकदा मोजले.

मग तो समोरच्या ऑफिसात आला. तीच फाईल, तेच फोल्डर. विंडोजवर नावं एकेचाळीस.

शेवटचं नाव: सिंधु ग्यानोबा. गाव येळवंडी. वय नऊ. गुणांचा रकाना रिकामा. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: आवाज येतो.

त्यानं फाईल बंद करून उघडली. दुसऱ्या यंत्रावर उघडली. आठही यंत्रांवर तेच. सर्व्हरवर मात्र चाळीसच. आत्ता कोण कोण जोडलंय ते त्यानं सर्व्हरला विचारलं. वायरी एकत्र येतात त्या हबच्या डबीवर समोरच्या यंत्रांच्या आठ वायरी, आठ हिरवे दिवे, आणि सर्व्हर सांगत होता नऊ यंत्रं. नवव्याचं नाव येळवंडी. त्यानं आठही वायरी उपटल्या. आठ नावं गेली. येळवंडी राहिलं.

पंखा फिरत होता तरी ताहेरची पाठ घामानं भिजली. हे नाव त्यानं लातुरात कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. बायकोच्याही नाही.

त्र्याण्णवला, भूकंपानंतर चौथ्या दिवशी, तो येळवंडीत एका संस्थेच्या तंबूत कॉम्प्युटरवर मेलेल्यांची यादी करत होता. पंचविशीतला पोरगा, बोटं चपळ, तोंड फटकळ. तिथली रीत अशी होती, की घरातल्या सगळ्यांची नावं यादीत चढली की खोदणारी माणसं पुढच्या घराकडं जायची. संध्याकाळी यादी न्यायला जीप यायची होती. एका घराचं एकच नाव राहिलं होतं, नऊ वर्षांच्या सिंधुचं. ताहेरनं तेही मेलेल्यांच्या यादीत चढवून टाकलं. नंतर बाप आला, ग्यानोबा. हाताच्या बोटांना नखं नव्हती.

"साहेब, पोरगी जित्ती हाय. तांब्या वाजवून राहिली दगडावर. तीन डाव वाजवती, मग थांबती. आवाज येतो साहेब."

"येत असेल," ताहेर म्हणाला होता. "पण नाव यादीत आलंय. आता खोदायचं कशाला?"

खोटं कशाला बोला, जीप दारात उभी होती आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून छापायचा कंटाळा आला होता. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी ग्यानोबा परत आला. रडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. "आज सकाळी नऊपर्यंत वाजत होतं साहेब," एवढं सांगून निघून गेला.

"ताहेरभाई! साडेतीन झाले!" सरांनी बाहेरून हाक मारली.

ताहेर सर्व्हरसमोर बसला. आता या गृहस्थानं काय करावं? तोबा करावी, उठून घरी जावं? नाही. त्याच्या डोळ्यांपुढं चाळिसावी ओळ होती: शिवकांता. भूकंपात आई-बाप दोन्ही गेलेली पोरगी, आश्रमशाळेत वाढून इथवर आलेली. सर्व्हरचा मालक आज ताहेर होता. त्यानं दोघींचे गुण अदलाबदल केले, शिवकांताचं नाव खोडलं आणि तिथं मनतशाचं टाकलं. वायरी परत लावल्या.

समोर जाऊन बघतो तर आठही पडद्यांवर चाळीस नावं. सिंधु गेलेली. दोन्हीकडच्या याद्या तंतोतंत जुळल्या. सर्व्हरला विचारलं, तर जोडलेली यंत्रं आठ. ताहेरनं सुटकेचा श्वास टाकला. हलकट माणसालाही सुटका गोडच लागते.

चारला यादी भिंतीवर लागली. मनतशा उड्या मारत आली, "अब्बा! अब्बा, शेवटची, पण आले!" म्हणून गळ्यात पडली. शिवकांतानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. मग ती ताहेरपाशी आली.

"काका, पेपर तपासणाऱ्या मास्तरनी सांगितले होते माझे गुण. मशिनीत काही चुकलं का हो?"

"मशीन चुकत नाही, बेटा," ताहेर म्हणाला. तिनं मान हलवली आणि ट्रंक भरायला गेली.

डॉक्टर बॅचचा वर्ग तळघरात भरायचा. बाहेरचा आवाज नको म्हणून सरांनी मुद्दाम बांधून घेतलेला. यादी लागली की त्याच संध्याकाळी दीड तासाची चाचणी असायची आणि रामलिंग शिपाई बाहेरून कडी घालायचा. चाळीसजण खाली उतरले. मनतशा सर्वांत शेवटी. पायरीवर वळून तिनं कंपासपेटी उंच करून बापाला दाखवली.

सहाला कडी निघाली. पोरं वर आली. ताहेर दारात उभा राहून मोजत होता. अडतीस. एकोणचाळीस.

मनतशा आली नाही.

"रामलिंग, एक राहिली खाली."

"न्हाई भाई. चाळीस गेले, चाळीस आले. शेवटाला ती बारकी न्हाई का, तुमच्या म्होरूनच गेली की. अंगभर धूळ होती लेकराच्या."

ताहेर पायऱ्या उतरला. बाक रिकामे होते. शेवटच्या बाकावर उत्तरपत्रिका, वर मनतशाचं नाव, अक्षर चौथीच्या पोरीचं. हजेरीवर चाळीस सह्या. खिडकी नाही, दुसरं दार नाही.

मग फरशीखालून आवाज आला.

टक. टक. टक.

पत्र्याचा. दगडावर.

ताहेर गुडघ्यावर आला. "मनतशा! बेटा!" फरशीच्या फटीत त्यानं बोटं घातली, नखं मोडली, रक्त आलं. फरशी हलली नाही.

"पहार आणा! रामलिंग, पहार आण! पोरगी खाली आहे माझी!"

रामलिंग पायरीवरच उभा राहिला. सर खाली आले. त्यांच्या हातात यादीची नवी छापील प्रत होती. ती त्यांनी शांतपणे ताहेरपुढं धरली. चाळिसावी ओळ: मनतशा ताहेर. वय सतरा. शेरा: आवाज येतो.

"सर, ऐका! ऐकू येतंय ना तुम्हाला?"

टक. टक. टक.

सरांनी मान कलती करून ऐकलं. रामलिंगनंही ऐकलं.

"हाव," रामलिंग म्हणाला. "येऊन राहिला."

"येत असेल," सर म्हणाले. "पण नाव यादीत आलंय. आता खोदायचं कशाला?"

ते दोघं वर गेले. दिवा मात्र त्यांनी चालू ठेवला.

ताहेरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वासहा. उद्याचे सकाळचे नऊ वाजायला अजून पावणेपंधरा तास होते. खाली मनतशा तीनदा वाजवत होती आणि मग थांबत होती.