हाड की दगड?

"ओढू नका... कातडं सोलून निघेल."

माझ्या चिमुरड्या कस्तूच्या ओठाला काळा खडा चिकटून लोंबत होता आणि मी तो उपटायला निघाले होते. सांगलीच्या घाटाखाली, कृष्णेच्या वाळूत. बोलणाऱ्या तरुणानं ओंजळभर पाणी तिच्या ओठावर सोडलं. खडा सुटला. मग त्यानं तो स्वतःच्या जिभेला लावून पाहिला.

"हाड आहे. फार जुन्या जनावराचं. ओल शोषतं, म्हणून चिकटतं."

"हाड? आम्ही जैन आहोत हो."

"मीही. रायगोंडा पाटील." तो ओशाळला. "कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो... पार दगड झालं असेल कदाचित. तपासून सांगतो."

घरी सासूबाई कस्तूला न्हाऊ घालताना म्हणाल्या, "दगुड झाला असंल तर काय न्हाई. हाड असंल तर प्रायश्चित्त घ्यावं लागंल, आनि त्या मास्तराच्या वाऱ्याला उभं ऱ्हायचं न्हाई."

कस्तूचे वडील विषमज्वरानं गेले, त्यानंतर दुसऱ्या लग्नासाठी सासूबाईच मागे लागल्या होत्या. आमच्यात तशी रीत आहे. पण पोरीला कुणाच्या हाती द्यायचं — माझा कुणावर भरवसाच बसेना.

सासूबाईंची अट मी रायगोंडाला सांगितली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यानं तो खडा सौम्य ॲसिडात सोडला. बारीक बुडबुडे उठले.

"क्षार विरघळतील. मागे काही मऊ उरलं, तर ते त्या जनावराच्या अंगचं."

"इतक्या वर्षांनी? कसं टिकेल?"

"क्षारांनी घट्ट कोंडून ठेवलेलं... कुजवणारं काही आत पोचलंच नाही, तर. तुम्ही फार प्रश्न विचारता."

"इंटर सायन्स झालंय माझं. आणि तुम्ही उत्तर द्यायच्या आधी हसता."

मग रोज कस्तूला घेऊन बघायला जाऊ लागले. काचपात्राकडे, असं मी स्वतःला सांगायची.

शेवटी तळाशी दुधाच्या सायीसारखा एक पातळ, पिवळसर पापुद्रा थरथरत उरला. मी श्वास रोखून पाहत होते.

"दगड म्हणालो असतो, तर तुम्ही येत राहिला असता," तो हळूच म्हणाला. "पण... हाडच आहे, गुणमालाबाई."

खोटं किती सोपं होतं. आणि त्यात फायदा त्याचाच होता.

"सासूबाईंना मी नाही सांगणार," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही येऊन सांगा. दिवस मावळायच्या आत या — नंतर आमच्याकडे पानं वाढत नाहीत. आणि कस्तू विचारेल त्याचं उत्तर असंच खरं द्यायचं... रोज."

"रोज?"

मी कस्तूला उचलून त्याच्या हातात दिलं.